पट्टी, चिप आणि ‘टक्’ वाजणारी पर्स

ताई,
वर्षभरात हे माझं तिसरं कार्ड. दर वेळी बँकेच्या काउंटरवर कार्ड उलटसुलट करून बघतात आणि सांगतात, ‘डीमॅग्नेटाइज झालंय, नवीन घ्या.’ गंमत म्हणजे दुकानातल्या मशीनवर टेकवलं की पैसे जातात. चिप आत खोचली तर कधी पहिल्या फटक्यात जातात, कधी तिसऱ्या. पण घराजवळचं एटीएम कार्ड आतच घेत नाही, आणि कुठे जुनं, घासायचं मशीन असलं की हमखास फजिती. आई म्हणते, मोबाइलच्या लहरींनी होतं. म्हणून यांनी मला ॲल्युमिनियमचं कडक पाकीट आणून दिलं, ‘कार्ड सुरक्षित ठेवतं’ असं लिहिलेलं. मी ते इमानेइतबारे वापरते. पर्सच्या पुढच्या कप्प्यात असतं, वरून झडप टक् करून बंद होते, त्यामुळे पडायचीही भीती नाही. तरी तिसरं कार्ड गेलंच. आता यांना ‘तुमचं पाकीट कुचकामी निघालं’ असं सांगवत नाही.
दरमहाची बिलं या कार्डावरून आपोआप जातात, त्यामुळे नवीन कार्ड म्हटलं की पोटात गोळा येतो. त्यात परवा एक फोन आला: ‘बँकेतून बोलतोय. तुमचं कार्ड डीमॅग्नेटाइज झाल्याचं आमच्या सिस्टिमवर दिसतंय. मधोमध कापून ठेवा, आमचा माणूस येऊन घेऊन जाईल.’ मी घाबरून फोन ठेवून दिला. खरंच दिसतं का त्यांना असं? मी चुकले तर नाही ना?
— तीन कार्डांची धनीण

धनीणबाई,

पत्राचं शेपूट आधी धरते, कारण बाकी सगळं चार दिवस थांबू शकतं, हे नाही. तुम्ही अजिबात चुकला नाहीत. तो फोन बँकेचा नव्हता.

कार्डामागची चुंबकीय पट्टी खराब झाली (डीमॅग्नेटाइज म्हणजे तिच्यावरचं लिखाण पुसलं जाणं) की बँकेच्या सिस्टिमवर दिसतं हे ऐकायला किती पटणारं आहे बघा, आणि तरी साफ खोटं आहे. पट्टी वाचण्याचं काम दुकानातलं मशीन किंवा एटीएम करतं. तिथे वाचलंच गेलं नाही तर पुढे बँकेकडे पाठवायला मशीनपाशी काही नसतंच. न वाचलेली पट्टी बँकेला कळणार कुठून? ती कळते फक्त तुम्हाला आणि तुमच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या वैतागलेल्या माणसाला.

‘मधोमध कापून ठेवा’ ही तर या लबाडीतली सगळ्यात हुशार ओळ. कार्ड स्वतःच्या हाताने कापलं की माणसाला वाटतं, आता हे मेलं, कुणालाही दिलं तरी काय बिघडतं? पण चिप कार्डाच्या मध्यावर नसते, डाव्या बाजूला असते. मधोमध कात्री चालवली तर चिप अख्खीच्या अख्खी शिल्लक राहते. फोन चालू राहिला असता तर पुढच्या दोन मिनिटांत ‘खात्रीसाठी’ तुमचा पिन बटणं दाबून टाकायला सांगितला असता. शाबूत चिप आणि पिन हातात आले की चोराला आणखी काय हवं! बँक कार्ड न्यायला घरी माणूस पाठवत नाही आणि पिन कुणालाच विचारत नाही. असा फोन पुन्हा आला तर बोलत बसू नका. फोन ठेवा, कार्डाच्या मागे छापलेला नंबर स्वतः लावा आणि विचारा. स्क्रीनवर बँकेचं नाव दिसलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही, दिसणारा नंबर खोटा दाखवता येतो. परवाच्या बोलण्यात चुकून एखादा आकडा किंवा कोड सांगून गेला असाल, तर हे पुढचं वाचायच्या आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करा.

आता कार्डाकडे. काउंटरच्या पलीकडे मी बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून एक कबुली देते. ‘डीमॅग्नेटाइज’ हा आमचा हुकमी शब्द होता, ताप आला की ‘व्हायरल’ म्हणतात तसा. चिप मेलेली असो, कार्ड वाकलेलं असो, मशीनचं पट्टी वाचणारं हेडच मळलेलं असो, रांग मोठी असली की हा शब्द उच्चारून मोकळं होता यायचं. गिऱ्हाइकालाही तो पटायचा, कारण त्यात कुणाचीच चूक नसायची. पण या शब्दाने तुमचं नुकसान होतं. नेमकं काय मेलं ते कळत नाही, मग कशापासून जपायचं तेही कळत नाही, आणि चौथं कार्ड पहिल्या तिघांच्याच वाटेने जातं.

तुमच्या हातातल्या त्या एका प्लॅस्टिकच्या तुकड्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी बसवलेल्या आहेत. मागे काळपट चुंबकीय पट्टी. पुढे सोनेरी ठशाखाली चिप. आणि प्लॅस्टिकच्या थरांमध्ये, डोळ्यांना न दिसणारी, कडेकडेने फिरवलेली बारीक तार. कार्ड टेकवून पैसे देताना हीच अँटेना म्हणून काम करते. तिघींचे शत्रू निरनिराळे. चुंबक फक्त पट्टीला बाधतो. चिपमधली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते, तिला घरातल्या चुंबकाने काहीही होत नाही. तारेलाही होत नाही.

म्हणून निदान घरबसल्या होतं. टेकवून चालतं, म्हणजे तुमची तार आणि चिप दोन्ही जिवंत आहेत. चिप खोचल्यावर कधी पहिल्यांदा, कधी तिसऱ्यांदा चालते, म्हणजे चिप ठीक आहे, तिच्यावरचे धातूचे ठसे मळले आहेत. ते मऊ कोरड्या कापडाने पुसा. तेलकट डाग असेल तर कापडाला किंचित आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा. खोडरबराने खरवडायचा सल्ला खूप जण देतात, मी देणार नाही. ठशांवरचा मुलामा फार पातळ असतो. आणि घासायचं मशीन वाचत नाही, एटीएम आत घेत नाही, म्हणजे गेली आहे ती पट्टी. एटीएमचं कोडं तर अगदी सोपं आहे. कार्ड ओढून घेणाऱ्या काही एटीएमच्या तोंडाशीच एक छोटं हेड असतं. आत शिरू पाहणारी वस्तू चुंबकीय पट्टीचं कार्ड आहे अशी त्याची खात्री पटल्याशिवाय आतली झडप उघडत नाही. चिप कितीही धडधाकट असली तरी तिला आत जाऊन बोलायची संधीच मिळत नाही.

थोडक्यात, तुमच्या बाबतीत काउंटरवाले बरोबर बोलले. फक्त कारण शोधायची तसदी त्यांनी घेतली नाही.

पट्टी म्हणजे काय, हे जरा समजून घ्या, मग आईच्या आणि यांच्या दोघांच्याही म्हणण्याचा निकाल आपोआप लागेल. गाण्यांची कॅसेट आठवते? त्यातल्या फितीची ही सख्खी बहीण. लोहयुक्त भुकटीचे अतिसूक्ष्म कण चिकट लेपात कालवून प्लॅस्टिकवर बसवलेले, आणि त्या कणांची दिशा इकडे-तिकडे वळवून लिहिलेली माहिती. त्यात एकावर एक तीन ओळी मावतात. बँकांच्या कामाची दुसरी ओळ जास्तीत जास्त ४० अक्षरांची, पहिली ७९ अक्षरांची. कार्डाचा नंबर, मुदत, नाव आणि मशीनसाठीचे थोडे कोड, बस्स. तुमची शिल्लक त्यात नसते. काउंटरवर एक आजोबा कळवळून विचारायचे, ‘चुंबकाने माझे पैसे पुसले गेले का?’ नाही आजोबा, पैसे खात्यात आहेत, पुसला गेलाय तो फक्त पत्ता.

या दुसऱ्या ओळीवर एका इंचात ७५ खुणा असतात, म्हणजे एक खूण मिलिमीटरच्या साधारण एक तृतीयांश रुंदीची. प्रत्येक अक्षरासोबत पडताळणीची एक जादा खूण असते आणि ओळीच्या शेवटी सगळ्यांची मिळून आणखी एक पडताळणी. एखादंच अक्षर बिनसलं तरी हिशेब जुळत नाही आणि मशीन अख्खी ओळ नाकारतं. अर्धवट वाचलेल्या नंबरावरून भलत्याच्या खात्यातून पैसे काढण्यापेक्षा नकार बरा, हा त्यामागचा शहाणपणा. म्हणून पट्टी ‘थोडीशी खराब’ असं काही नसतं. एका कोपऱ्याला चुंबक लागला की पुरे.

पण कोणता चुंबक पुरतो? पट्ट्या दोन जातींच्या असतात. एक हलकी, तिच्यावरचं लिखाण बिघडवायला ३०० ओरस्टेडच्या (हे चुंबकाचा जोर मोजायचं माप) आसपासचं चुंबकीय क्षेत्र लागतं. दुसरी दणकट, तिला २७५० किंवा त्याहून जास्त. हलकी बहुधा तपकिरी झाक मारते, दणकट काळीभोर असते. हॉटेलच्या खोलीची किल्ली म्हणून जे कार्ड देतात ते हलक्या जातीचं, कारण दर पाहुण्यागणिक त्यावर नव्याने लिहायचं असतं. म्हणूनच ती किल्ली दुसऱ्या दिवशी दगा देते आणि आपण सामानासकट पुन्हा खाली जातो. बँकेची कार्डं बहुतेक दणकट जातीची, पण सगळी नाहीत. तुमच्या तिन्ही कार्डांची पट्टी उजेडात धरून रंग बघा. तपकिरी असेल तर वर्षात तीन जाण्याचं अर्धं उत्तर तिथेच मिळेल.

आता आकडे शेजारी ठेवू. चुंबकाचा जोर गॉस या मापातही सांगतात, आणि हवेत ओरस्टेड आणि गॉस हे आकड्यांनी सारखेच, म्हणून सरळ तुलना करता येते. फ्रीजला चिकटवतात तो चपटा शोभेचा चुंबक साधारण ५० ते १०० गॉसचा. तो हलक्या पट्टीलाही जड नाही. पर्स, पट्टे आणि मोबाइलच्या कव्हरांत हल्ली बसवतात तो चकचकीत निओडिमियम चुंबक मात्र अंगाशी हजारो गॉसचा भरतो. दिसायला शर्टाच्या बटणाएवढा. आणि एमआरआयचं मशीन १.५ किंवा ३ टेस्लाचं, म्हणजे १५,००० किंवा ३०,००० गॉस. त्या खोलीत कार्ड नेलं तर कुठलीच पट्टी टिकत नाही. म्हणून तपासणीआधी खिसे रिकामे करायला सांगतात ते निमूटपणे करावं.

आईंचं म्हणणं यात कुठे बसतं? लहरींनी पट्टी पुसली जात नाही. मोबाइल बोलताना ज्या रेडिओ लहरी सोडतो त्यांच्यात कणांची दिशा फिरवण्याइतकी ताकद नसते. पण आई पूर्ण चुकीच्याही नाहीत, कारण मोबाइलच्या पोटात चुंबक असतात: आवाजाच्या स्पीकरमध्ये, कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेत. शिवाय २०२० साली आयफोन १२ बरोबर मॅगसेफ आलं, म्हणजे चुंबकाने फोनच्या पाठीला चिकटणारा चार्जर. त्यात फोनच्या पाठीत चुंबकांचं एक कडंच असतं. फोन आणि त्या चार्जरच्या मध्ये कार्ड ठेवू नका, असं ॲपल स्वतः सांगते. पुस्तकासारखं मिटणारं, चुंबकाच्या पट्ट्याने बंद होणारं आणि आत कार्डासाठी खाच असलेलं मोबाइल कव्हर मला नेहमी चक्रावून टाकतं. मांजराच्या पाठीवर दुधाची वाटी बांधण्याचाच तो प्रकार.

पण तुम्ही कव्हरात कार्ड ठेवतच नाही. मग तुमचा चोर कोण?

तुमच्या पत्रात तो तुम्हीच पकडून दिला आहे. ‘वरून झडप टक् करून बंद होते.’ हा टक् आवाज ऐका. नाडी किंवा चाप असता तर जोर लावावा लागला असता. आपोआप ओढून घेऊन टक् करते ती झडप चुंबकाची असते. त्याचा एक भाग झडपेत आणि दुसरा बरोबर पुढच्या कप्प्याच्या कापडात शिवलेला. त्या कप्प्यात, त्या बटणाला जवळजवळ चिकटून, तुमचं कार्ड. दिवसातून वीस वेळा पर्स उघडली तर वीस वेळा चुंबक पट्टीवरून सरकत जातो. अगदी खात्री हवी असेल तर एक टाचणी दोऱ्याला बांधा आणि पर्सवरून हळूहळू फिरवा. जिथे टाचणी वाकडी होऊन ओढली जाईल, तिथे तुमची तीन कार्डं गेली. याच टाचणीने मोबाइलचं कव्हर, टॅबलेटची झडप, हेडफोनची डबी आणि टेबलावरचा टाचण्यांचा डबाही तपासून घ्या. मी स्वतःचं एक कार्ड अशाच चुंबकी टाचणीदाणीवर दोन दिवस आडवं टाकून घालवलं होतं, आणि तेव्हा बँकेत कामाला होते. सहकाऱ्यांनी ते वर्षभर विसरू दिलं नाही.

पर्सवरचा हा आळ नवा नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत अफवा उठली होती की ईलच्या कातड्याची पाकिटं कार्डं पुसून टाकतात. विजेचा झटका देणारा मासा, तेव्हा त्याच्या कातड्यातही वीज उरत असणार, असा तर्क. प्रत्यक्षात ते कातडं विजेच्या ईलचं नव्हतंच, हॅगफिश नावाच्या वेगळ्याच जलचराचं होतं. आणि संशयाची सुई शेवटी जाऊन थांबली ती त्या पाकिटांच्या चुंबकी बटणावर.

यांचं पाकीट का हरलं, तेही यातूनच कळतं. ॲल्युमिनियम रेडिओ लहरी अडवतं, स्थिर चुंबकाला अडवत नाही. फ्रीजवरचा चुंबक आणि लोखंडी कपाट यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा पातळ कागद धरून बघा, चुंबक जणू मध्ये काही नाहीच असा चिकटेल. पाकिटावर लिहिलेली ‘सुरक्षा’ वेगळ्या धोक्यासाठी आहे: दुसऱ्याने तुमच्या नकळत जवळून यंत्र टेकवून कार्डातल्या तारेशी बोलू नये म्हणून. ते बोलणं १३.५६ मेगाहर्ट्झवर आणि जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवरून होतं. माझ्या मते या धोक्याचा बाऊ जरा जास्तच केला जातो, पण पाकीट ते काम चोख करतं.

मग चुंबकाला अडवायचं कशाने? अडवायच्या भानगडीत पडूच नका, अंतर ठेवा. छोट्या चुंबकापासून अंतर दुप्पट केलं की जोर साधारण आठव्या हिश्श्यावर येतो, तिप्पट केलं की सत्ताविसाव्या. चार बोटं लांब ठेवलं तरी पर्समधल्या त्या बटणाचा जीव संपतो. कार्ड मागच्या कप्प्यात टाका, पुढच्यात रुमाल ठेवा. नवीन काही विकत घ्यायची गरज नाही.

एक-दोन भीती उगाचच्या आहेत, त्या मनातून काढून टाका. दोन कार्डं पाठीला पाठ लावून ठेवली तर एकमेकांची पट्टी पुसत नाहीत, तेवढी ताकद पट्टीत नसते. एकमेकांवर घासून ओरखडे मात्र पडतात, आणि ओरखडाही वाचन बिघडवतो. विमानतळावरच्या एक्स-रेनेही पट्टीला काही होत नाही. दुकानात चोरीविरोधी टॅग निकामी करणारा काउंटरवरचा पाट असतो, त्यावर मात्र कार्ड ठेवू नका. तो चुंबकी असू शकतो. आणि पूर्वी दुकानदार न वाचणारं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून घासायचे, ते थोतांड नव्हतं. हेड आणि पट्टी यांच्यात किंचित फट पडली की बारीक ओरखड्यांचा खरखराट कमी होतो आणि मूळ खुणा वाचता येतात. पण पुसलेल्या पट्टीवर हा उपाय चालत नाही. वाचायला आत काही उरलेलंच नसतं.

उष्णतेचं वेगळंच. पट्टीच्या जन्माची आयबीएमकडून सांगितली जाणारी कथा अशी: १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले अभियंता फॉरेस्ट पॅरी ओळखपत्रावर चुंबकी फीत चिकटवायला धडपडत होते. गोंदाने ती चुरगळायची, खराब व्हायची. घरी आले तर पत्नी इस्त्री करत होती. तिने सुचवलं, इस्त्रीनेच दाबून बघू, आणि जमलं. सांगायचा मुद्दा, इस्त्री सोसूनही जी टिकली तिला उन्हाने पुसण्याची काळजी नको. काळजी प्लॅस्टिकची करा. कार्डाचं प्लॅस्टिक (पीव्हीसी) ७०-८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतं. उन्हात बंद गाडीच्या काचेखाली कार्ड ठेवलं तर ते पापडासारखं वळतं. कार्ड जेमतेम ०.७६ मिलिमीटर जाडीचं. वळलेलं कार्ड मशीनमध्ये अडकतं, आणि त्याला पुन्हा सरळ करायला गेलात तर आतले चिपचे जोड तुटतात.

पाठीमागच्या खिशात पाकीट ठेवून बसणाऱ्यांचीही तीच कथा. तिथे चुंबक काही करत नाही, आपलंच वजन करतं. चिप आणि तार दोघींचा खरा वैरी म्हणजे वाकणं. कार्डाला भोक पाडून किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलेलंही मी पाहिलं आहे. भोक तारेच्या वाटेत आलं की टेकवणं कायमचं बंद. म्हणजे चिप खोचून चालते पण टेकवून नाही, असं दिसलं तर समजा तार तुटली. दोन्ही नाही चाललं तर चिपच गेली, कारण दोन्ही रस्ते त्याच एका चिपपाशी येतात. आणि काहीच चाललं नाही तर आधी दुसऱ्या मशीनवर बघा, मुदत बघा, बँकेने कार्ड रोखलंय का ते ॲपवर बघा. मगच अर्ज.

तुमचा अर्ज मात्र करावाच लागेल. पुसलेली पट्टी बँकही परत लिहून देत नाही. आणि इथे एका शब्दाने पुढचा महिना सोपा होतो किंवा अवघड. ॲपवर, फोनवर किंवा शाखेत ‘कार्ड खराब झालंय’ असं सांगा. घाईत ‘हरवलंय’ हा पर्याय निवडू नका. हरवलेलं म्हटलं की कार्ड त्याच क्षणी बंद होतं आणि नवीन कार्डाचा नंबर बदलतो. खराब म्हटलं तर पुष्कळ बँका तोच नंबर ठेवतात आणि नवीन कार्ड सुरू होईपर्यंत जुनं चालू राहतं. तुमचं तर टेकवून चालतंच आहे, तेवढे दिवस निभतील. पण बँकेगणिक रीत वेगळी, म्हणून अर्ज करतानाच विचारून घ्या: नंबर तोच राहणार का, पिन तोच का, जुनं कार्ड कधी बंद होणार, आणि नवीन कुठल्या पत्त्यावर येणार. हा शेवटचा प्रश्न विसरायला होतो. जुन्या घरी गेलेली कार्डं शोधत मी कितीतरी जणांना रजिस्टर उलटवून दाखवलं आहे.

पोटातल्या गोळ्याचं बोलू. नंबर तोच राहिला तरी मुदतीची तारीख आणि मागचा तीन अंकी कोड बहुधा बदलतो. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांकडेही नवीन तपशील व्यापाऱ्यांना आपोआप कळवायची सेवा आहे, पण ती वापरणाऱ्या बँका आणि कंपन्यांपुरतीच. तिच्या भरवशावर वीज किंवा विम्याचं बिल सोडू नका. मागच्या तेरा महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि आपोआप गेलेली प्रत्येक रक्कम कागदावर उतरवा. तेराच का? वर्षातून एकदा जाणाऱ्या वर्गण्याच आपल्याला फसवतात, आणि बारा महिन्यांत त्या कधीकधी दोन-चार दिवसांनी निसटतात. नवीन कार्ड हातात आलं की त्या कागदावरून एकेक ठिकाणी तपशील बदलायचा आणि खूण करायची. अर्ध्या तासाचं काम आहे. मोबाइलमध्ये भरून ठेवलेलं कार्डही उघडून बघा, ते कधी आपोआप बदलतं, कधी पुन्हा घालावं लागतं.

नवीन कार्ड आलं की पहिला व्यवहार चिप खोचून, पिन टाकून करा. बऱ्याच बँकांत त्याशिवाय टेकवणं सुरूच होत नाही, आणि लोक ‘नवीन कार्डही खराब’ म्हणून पुन्हा रांगेत येतात. ते चाललं की जुन्याला कात्री लावा, पण फोनवाल्याने सांगितली तशी नाही. एक काप थेट चिपच्या पोटातून, दोन-तीन पट्टीवर आडवे, एक नंबराच्या मधून, एक तीन अंकी कोडावरून. सगळे तुकडे एकाच दिवशी एकाच कचऱ्यात टाकू नका. कधी धातूचं कार्ड मिळालं तर त्याला कात्रीही लावू नका आणि कागद फाडणाऱ्या यंत्रातही घालू नका, बँकेला परत द्या.

पट्टीसाठी फार जीव टाकायचाही काळ सरत चाललाय. मास्टरकार्डने २०२१ मध्येच जाहीर केलं की २०२४ पासून बहुतेक प्रदेशांत नवीन कार्डावर पट्टी बंधनकारक नसेल आणि २०३३ पर्यंत त्यांच्या एकाही क्रेडिट किंवा डेबिट कार्डावर ती उरणार नाही. पण तुमचं घराजवळचं एटीएम आजही तिच्याशिवाय दार उघडत नाही, तोवर तिला सांभाळावं लागेल.

राहिलं यांचं पाकीट. ते कुचकामी आहे असं सांगू नका, कारण ते खरं नाही. कडक पाकिटात कार्ड वाकत नाही, घासलं जात नाही. तुमची तार शाबूत आहे आणि टेकवून पैसे जातायत, त्यात त्या पाकिटाचाही वाटा असणारच. ते तसंच वापरा, फक्त मागच्या कप्प्यात. आणि टाचणीचा प्रयोग यांच्यासमोरच करा. पर्स कुणी भेट दिली होती ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण तीही यांनीच दिली असेल तर प्रयोग एकट्याने केलेला बरा.

— ताई